कट केला म्हणजे येणार

माझी पोरगी दुसऱ्याच्या कामातली खोट काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो. गल्लीत कुणी विचारलं की मी असंच सांगते. आधी मी "कंप्युटरवर असते" असं सांगायची. मग बाया लाईट बिल भरून घ्यायला यायच्या, पोरांचे अर्ज घेऊन यायच्या. खोट काढते म्हटल्यापासून फारसं कुणी येत नाही.

लातूरला आम्ही दोघीच राहतो. माझा नवरा वारला, तिचं लग्न मोडलं. त्या दोन्हींबद्दल मला इथं काही लिहायचं नाही. कंपनी पुण्याची आहे, पण काम ती घरूनच करते. पुढच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसते, कानाला हेडफोन असतो. दिवसभर एका साहेबाशी बोलते. तो तिच्यापेक्षा लहान आहे तरी ती त्याला सर म्हणते. मी त्याला कधी पाहिलेला नाही. कान दुखले की ती स्पीकर लावते, त्यामुळं आवाज मात्र रोज ऐकते. तो घरातलाच झाल्यासारखा आहे, फक्त जेवायला येत नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. तिचं काम मला कळायला बरीच वर्षं लागली. ते असं आहे. लोकांना आपोआप फोन लावणारं एक यंत्र आहे. डोळ्यांना दिसेल असं ते नाही, कुठल्यातरी मोठ्या कंप्युटरच्या पोटात आहे. फोन उचलला की त्यात भरून ठेवलेली एक बाई बोलते, उद्या तुमचा नंबर आहे, येणार असाल तर एक दाबा, येणार नसाल तर दोन दाबा. हे एकच यंत्र पुष्कळ जण वापरतात. सोयाबीनचं खरेदी केंद्र वापरतं, डोळ्यांचा एक दवाखाना वापरतो, ट्रॅव्हल्सवाले वापरतात, नांदेडचं एक डायलिसिस सेंटर वापरतं. मी विचारलं, प्रत्येकाला वेगळं यंत्र का देत नाहीत? ती म्हणाली, "आई, शेतात एका डीपीवर धा जणांच्या मोटरी चालतात का न्हाई? ज्याला त्याला आपली आपली डीपी कोण देणार?"

हे मला समजलं. डीपी, म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर, मी जन्मभर बघितली आहे. एक जण मोठी मोटर लावतो आणि जळते शेजाऱ्याची. पोरीचं काम म्हणजे कुणी डीपीला हात लावायच्या आधी दहाही मोटरींचं काय होईल ते बघायचं. त्यासाठी त्या यंत्राची एक हुबेहूब नक्कल केलेली आहे. कुणाला काही बदल पाहिजे असला की तो आधी नकलेत करतात. त्या नकलेतून ती खोटे फोन लावते, ऑफिसच्या लोकांना, स्वतःला आणि मला. सगळं ठीक दिसलं की ती हो म्हणते, मग तो बदल खऱ्या यंत्रात जातो. त्याला ते लाइव्ह म्हणतात. तिनं हो म्हटल्याशिवाय काही लाइव्ह जात नाही. ऐकायला ही मोठी सत्ता वाटते. तसं काही नाही. लवकर हो म्हटलं तर कुणी विचारत नाही, उशिरा म्हटलं तर सगळे विचारतात.

आता माझ्या बहिणीचं सांगते. ती माझ्यापेक्षा लहान. आमचं माहेर इस्लापूरकडचं. लग्नाआधी दोघी रोजानं कापूस वेचायला जायचो. मला इकडं औशाला दिली, ती नांदेडला गेली. तिला मूल झालं नाही. पोरगी इंजिनिअरिंगला नांदेडला लागली तेव्हा तिच्याकडेच राहिली, शिक्षण होईपर्यंत तिच्याच हातची भाकर खाल्ली. अजून पोरीला ताप आला की ती मावशीचं नाव घेते. मी शेजारी बसलेली असते, पण असो.

बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा नांदेडच्या त्याच डायलिसिस सेंटरला तिला मशीनवर झोपवतात. एक पाळी चुकली की काय होतं ते मी बघितलं आहे. मागं सेंटरची मशीन बिघडली होती तेव्हा तिचे पाय सुजून घागरीएवढे झाले. आडवं पडता येईना. भिंतीला टेकून बसली होती आणि श्वास ओढत होती. मोठ्या दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावला तेव्हा जगली. पुन्हा पाळी चुकवली तर वाचायची नाही, असं डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "बरं." आमच्याकडं एवढंच म्हणतात.

तिच्या सेंटरला मशिनी थोड्या आणि माणसं जास्त. पाळीच्या आदल्या संध्याकाळी तो फोन येतो, तो पोरीच्याच यंत्राचा. दोन दाबणाऱ्याची पाळी दुसऱ्याला देतात. बाकीच्यांची राहते. इतके दिवस असंच चाललं होतं.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात खरेदी केंद्रानं एक बदल मागितला. नंबर असलेले शेतकरी येत नव्हते आणि मागचे ट्रॅक्टर भरून उभे होते. म्हणून नियम असा करायचा ठरला की ज्यानं दोन दाबलं किंवा फोन कट केला तो येणार नाही असं धरायचं आणि त्याचा नंबर लगेच पुढच्याला द्यायचा. यंत्र एकच, म्हणून नियम सगळ्यांनाच लागणार होता. पोरीनं तेव्हा साहेबाला विचारलं होतं, "सर, बाकीच्यांना चालेल ना?" साहेब म्हणाला, "अगं, रिकामी खुर्ची कोणाला परवडते? फोन कट करणारा माणूस येणार नाही, यात विचारायचं काय?" तिलाही ते पटलं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग ती तपासत बसली. एक दाबून बघितलं, दोन दाबून बघितलं, फोन नुसता वाजू दिला, बंद ठेवला, कट केला. यंत्र लिहिल्याप्रमाणे वागत होतं. मलाही फोन यायचे. ती आतून ओरडायची, "आई, उचल आणि एक दाब," की मी उचलायची आणि एक दाबायची. "आता दोन," की दोन. पोळी तव्यावर असली तरी दाबायची. शेवटी एका सकाळी तिनं साहेबाला सांगितलं, माझ्याकडून ठीक आहे. पाच वाजता लाइव्ह जायचं ठरलं.

त्या दुपारी मी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पोरीनं जाता जाता आणखी एक फेरी लावली होती. साहेबाशी बोलण्याच्या नादात मला काय करायचं ते सांगायची विसरली. माझा फोन वाजला. हात चिकट झाले होते. नंबर ओळखीचा दिसला, करंगळीनं कट केला आणि पुन्हा शेंगा धरल्या.

आतून आवाज आला, "आई, तू न्हाई कशाला म्हणलीस?"

"मी कुठं काय म्हणले? शेंगा सोलून राहिले."

"फोन आला न्हाई का तुला?"

"आला. कट केला."

"म्हणजे न्हाईच म्हणलीस की."

"कट केला म्हणजे पोचला. तू नांदेडला उतरलीस की मला मिस कॉल देतीस, मी कट करते. तवा मी काय म्हणते? उतरू नको म्हणते का?"

मला वाटलं रागावली. थोड्या वेळानं बाहेर आली, हेडफोन गळ्यात लोंबत होता.

"मावशी काय करती गं? सेंटरचा फोन आल्यावर?"

"काय करणार? त्या बाईसंग गप्पा मारती का? कट करती. आपले सगळेच कट करतात."

हे तिलाही माहीत होतं. ती स्वतः तसंच करते. बोलायला पैसे पडायचे त्या काळात आम्ही सगळे हेच शिकलो. घंटी दिली म्हणजे निरोप दिला, कट केलं म्हणजे निरोप पोचला. आता बोलणं फुकट झालं तरी बोटांची सवय गेली नाही. खोटे फोन उचलताना मात्र आम्ही दोघीही शहाण्यासारखं वागत होतो, कारण काय करायचं ते आधी ठरलेलं असायचं. मी त्या दिवशी काही हुशारी केली नाही. हात चिकट होते, बस.

ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आज पाचला हे लाइव्ह गेलं, तर मावशी उद्या संध्याकाळी फोन कट करंल आणि तिची परवाची मशीन दुसऱ्याला जाईल. तिला कळणार बी न्हाई. ती तिथं जाऊन बसंल."

"मग तिला सांग उचलत जा म्हणून."

"तिला सांगीन. बाकीच्यांना कोण सांगणार?"

बाकीच्यांचा विचार मी केला नव्हता. मला बहीण एकच आहे.

तिनं साहेबाला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. मला ऐकवायला नाही, तिच्या कानाला हेडफोननं चट्टे पडले आहेत म्हणून.

"सर, मी सकाळी दिलेला होकार परत घेते."

"काय? का? काय फुटलं?"

"काही फुटलं नाही. लिहिलंय तसंच चालतंय. जे लिहिलंय तेच चुकीचं आहे. आईनं आत्ता फोन कट केला."

मग साहेब म्हणाला, "तुझ्या आईनं एक फोन कट केला म्हणून मी रिलीज थांबवू? वर काय सांगू, मातोश्री बिझी होत्या?"

"बिझीच होते," मी दारातून म्हणाले. पोरीनं हातानं मला गप्प केलं.

तिनं त्याला सगळं समजावलं. तो वाईट माणूस नाही, पण त्याच्या मागंही कुणीतरी होतं. तो म्हणाला, "हे बघ, सोयाबीनवाले सकाळपासून माझं डोकं खातायत. एका माणसावर नियम बदलत नाही. मला आणखी माणसं दाखव, आणि तुझ्या घरातली नको. पाचच्या आत दाखव. नाही तर जाऊ दे लाइव्ह, मग बघू."

मग बघू म्हणणं त्याला सोपं होतं.

बहिणीची त्या दिवशी पाळी होती. ती दुपारीच सेंटरला जाऊन बाकड्यावर बसते, मशीन मोकळी होईपर्यंत. पोरीनं तिला फोन लावला. तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मी माझ्या फोनवरून लावला, तोही कट. पोरगी कपाळाला हात लावून बसली. एवढा पुरावा मिळत होता, पण साहेबाला दाखवता येत नव्हता. शेवटी बहिणीचाच फोन आला, चिडलेली होती.

"काय गं आक्का, लागोपाठ फोन करून राहिल्या दोघी मायलेकी? कट केलं न्हाई का मी? सुखरूप बसले, एवढं कळत न्हाई?"

"कळतं," मी म्हणाले. "पोरीला काम हाय तुझ्यासंग."

पोरीनं फोन घेतला. "मावशी, तिथं बाकड्यावर कोण कोण हाय? आमच्याकडून एक एक फोन लावायचा त्यांना. ज्याची मर्जी असंल त्याचाच नंबर दे. सांग की फोन खोटा हाय, कुणाची पाळी हलणार न्हाई. आणि म्हणावं, सेंटरचा फोन आल्यावर रोज करता तसंच करा. दुसरं काही शिकवू नको."

"मी कशाला शिकवू? मास्तरीण हाय का मी?"

बहिणीनं फोन मांडीवर ठेवला असावा, कारण तिकडचं सगळं ऐकू येत होतं. साहेबाला पोरीनं तिच्या फोनवर घेतलं होतं. पोरीच्या स्क्रीनवर जे दिसत होतं ते त्यालाही तिकडं दिसत होतं. बाकड्यावरच्या माणसांना तेवढीच करमणूक. नंबर द्यायला कुणी मागं राहिलं नाही.

पहिला फोन माहूरच्या एका काकांना गेला. ते देवीच्या पायऱ्यांवर नारळ विकायचे, आजारानं बंद झालं. घंटी वाजली आणि थांबली.

बहीण म्हणाली, "काका, कट का केला?"

"रोजच करतो. तिला कशाला उगं बिल?"

"बिल न्हाई पडत, यंत्र हाय ते."

"यंत्राचं बी कुणीतरी भरतच असंल की. आणि ती बाई लई बोलती. एकदा सुरू झाली की थांबती का?"

पोरीच्या स्क्रीनवर काकांच्या पुढं आलं, येणार नाही. काका तिथंच बसून होते, सुया टोचून टोचून फुगलेला हात मांडीवर घेऊन.

दुसऱ्यानंही कट केला. देगलूरकडच्या एका म्हातारीचा फोन सुनेच्या हातात होता. सुनेनं उचलून एक दाबलं. सासू तिला म्हणाली, "कशाला उचललीस? खराब होतो फोन." मग एका माणसानं उचलला. आम्ही दोघी सरसावून बसलो. त्यानं त्या बाईचं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हाव हाव, येतो बाई. चहा घेतला का? बरं, ठेवू का?" आणि ठेवून दिला. दाबलं काहीच नाही. बाकड्यावर हशा पिकला. पुण्याहूनही साहेबाचं हसू ऐकू आलं. मग स्क्रीनवर त्या माणसाच्याही पुढं येणार नाही असं आलं आणि साहेबाचं हसू थांबलं.

उरलेल्यांनी कटच केला. स्क्रीनवर खाली खाली येणार नाही, येणार नाही असं दिसत गेलं. ती सगळी माणसं आलेलीच होती. एक जण तर आत मशीनवर होता, त्यानं मोकळ्या हातानं कट केला.

"थांबव आजचं," साहेब म्हणाला.

पोरीनं लगेच काहीतरी दाबलं. मी घड्याळाकडं बघितलं नाही, पण पाच वाजले नव्हते.

"पण सोयाबीनचं काय करायचं?" त्यानं विचारलं. "नियम फक्त त्यांना लावता येईल?"

"सर, सोयाबीन आणणारे पण हीच माणसं आहेत. ते पण कट करतात. कदाचित म्हणूनच वाटत असेल की येणार नाहीत."

"मग रिकामा नंबर भरायचा कसा?"

"दोन दाबलं तरच नाही धरायचं. बाकीच्यांना माणसानं फोन करून विचारायचं."

"माणूस असता तर यंत्र कशाला घेतलं असतं त्यांनी?" साहेब म्हणाला. पोरीनं ते कागदावर लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं. पुन्हा टेस्टिंग."

"हाव," पोरगी म्हणाली. साहेबाशी ती नेहमी पुण्यासारखं बोलते. त्या दिवशी तेवढं त्राण उरलं नसावं.

मला वाटलं होतं, आता साहेब शाबास म्हणेल. त्यानं फोन ठेवला. थोड्या वेळानं सगळ्यांना एक मेल गेला, तो पोरीनं मला वाचून दाखवला. टेस्टिंग पूर्ण न झाल्यामुळे रिलीज पुढे ढकलण्यात येत आहे. म्हणजे उशीर तिच्यामुळं. मी म्हणाले, "उलटून बोल की." ती म्हणाली, "खरंच आहे, आई. पूर्ण झालं नव्हतंच. मीच सकाळी हो म्हणाले होते."

पुढचा सगळा आठवडा तिनं त्यात घातला. सुट्टीच्या दिवशीही बसली. खरेदी केंद्राचा माणूस फोनवर ओरडायचा, ती ऐकून घ्यायची. मान आखडली म्हणून मी तिला तेल लावून द्यायची. पण लावताना ती स्क्रीनकडंच बघायची, मग तेलाचा काय उपयोग? यंत्र वापरणाऱ्या एकेकाला तिनं आता स्वतः फोन केला, तुमचे लोक फोन आल्यावर काय करतात म्हणून. निम्म्यांना माहीत नव्हतं. शेवटी जे लाइव्ह गेलं त्यात कट करणाऱ्याची पाळी राहते आणि त्याला पुन्हा एक फोन जातो. सोयाबीनवाल्यांना ते फारसं आवडलं नाही. ट्रॅक्टर उभेच राहिले. त्यावर अजून उपाय निघालेला नाही.

बहिणीला, लाइव्ह थांबवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन गेला. तिनं कट केला. तिसऱ्या दिवशी ती सेंटरला गेली, तिची मशीन तिलाच मिळाली, रक्त धुऊन घरी आली. तिच्या दृष्टीनं काही घडलंच नव्हतं. मी तिला म्हणाले, "अगं, उचलून एक दाबत जा की. बोट झिजतं का तुझं?"

"आक्का, एवढी वर्षं चाललंय न्हाई का? मग गप बस."

ती कशातून वाचली हे मी तिला सांगितलं नाही. पोरीनंही सांगितलं नाही. सांगून ती काय म्हणाली असती? बरं म्हणाली असती.

आता डोळ्यांच्या दवाखान्याला काहीतरी बदल पाहिजे आहे. त्यांचे फोन सकाळी लवकर सुटायला पाहिजेत म्हणे. पोरगी पुन्हा खिडकीकडे पाठ करून बसली आहे आणि साहेब पुन्हा घाई करतो आहे. मघाशी माझा फोन वाजला. नंबर तोच. मी तिला ओरडून विचारलं, "काय करू गं? एक दाबू का दोन?"

"मला विचारू नको, आई. रोज करतीस तेच कर."

मी कट केला. तिनं स्क्रीनकडं बघितलं, मान हलवली आणि पुढचा फोन लावला.